नाकाशी धरलेली चप्पल

शुद्धीवर आले तेव्हा माझ्या नाकावर चप्पल होती. कातड्याची, घामट, टाचेला शेण. ते शेण माझ्या ओठावर आलं होतं. सलवार ओली झाली होती. भोवती सगळा नववीचा वर्ग. कुणी हसत होतं, कुणी नाक धरून उभं.

चप्पल शाळेच्या चेअरमनची. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मिरजगावजवळच्या आमच्या गावात शाळा त्यांची, बागायत त्यांची, आणि त्या बागायतीत खुरपायला माझे आई-आबा. त्या दिवशी तात्या शाळा बघायला आले होते. मला फिट आली, मी बाकावरून पडले, आणि तात्यांनी पायातली चप्पल काढली. मी डोळे उघडले तेव्हा ते सरांना म्हणत होते, "चामडं हुंगवलं की उतरतंय. ह्यांना तर सवयच हाय त्याची."

सर हसले. मला वाचायला पुस्तकं देणारे सर.

मला ओकारी झाली. ती मीच पुसली, माझ्याच ओढणीनं.

आबांना बोलावलं. ते दाराबाहेर उभे राहिले. तात्या म्हणाले, "डुकरं खाता तुमी. किडं चढलेत पोरीच्या डोक्यात. बाकीच्या पोरांना लागायच्या आत घरी न्या."

"व्हय तात्या," आबा म्हणाले.

मला चपलेपेक्षा त्या 'व्हय'ची जास्त किळस आली.

महिनाभर घरी. देवऋष्यानं मिरच्यांची धुरी दिली. फिट वाढल्या. शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं आईला दटावलं आणि आम्हाला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. मेंदूत जंताची बारीक गाठ निघाली.

आबांनी मान खाली घातली. "आमी डुक्कर खातो, मॅडम. त्याचंच पाप."

"पाप कसलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कच्चं मांस खाल्लं तर जंत पोटात होतो. मेंदूत गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळं, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. घाण पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात. जन्मात मांसाला न शिवलेले लोकपण येतात माझ्याकडं. कुणाला डोक्याला मार लागून फिट येते, कुणाचं कारण सापडतच नाही. पण फिट शिवल्यानं लागत नाही."

मला तात्यांचा मळा दिसायला लागला. गटाराचं पाणी सोडलेले मुळ्याचे वाफे. मजुरांना संडास नाही, बाया तिथंच बांधाआड बसायच्या. भूक लागली की तोच मुळा उपटायचा, पदराला पुसायचा, खायचा. गाठ कुठल्या घासातून आली ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्यानंतर मी तो मुळा तोंडाला लावला नाही.

गाठीवर औषध झालं. फिटची गोळी रोज, डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मी शाळेत परत गेले. पुढं एकदा दवाखान्यात गोळ्या मिळाल्या नाहीत. चार दिवस खंड पडला. सव्वीस जानेवारीला तात्या झेंडा फडकवायला आले होते; झेंड्यासमोर मी परत पडले.

शुद्ध येत होती. तोच वास जवळ आला. मी हातानं ढकलला. जीभ चावली गेली होती, शब्द जुळत नव्हते. थांबले. जुळवले.

"तात्या, चप्पल पायात घाला."

मी उठून बसले.

"फिट आली की माणसाला कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं न्हाई, नाकाला काही लावायचं न्हाई. पाच मिनिटांत थांबली न्हाई तर दवाखाना. एवढं शिकवा तुमच्या शाळेत."

त्या संध्याकाळी आबांनी मला मारलं. दुसऱ्या दिवसापासून मळ्यातलं काम बंद झालं. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं. सुटलो त्या घाणीतनं."

आता मी नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. चार वर्षांत फिट नाही. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. घरी पाहुणे बघायला येतात. मावशी कानात सांगते, "फिटचं काढू नगं, बाई."

मागच्या रविवारी पाहुण्यांचा चहा चालला होता. मी समोर बसून सांगितलं, "मला फिट यायची. उपचार घेतला. परत येणारच न्हाई असं न्हाई."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. साडी आवरून घेतली आणि चटईवर लांब सरकली. मावशी रडायला लागली.

मी लपवणार नाही. कुणाच्याच घरात, कुणाच्याच दारात. सरकणाऱ्यांनी सरकावं. मी जागची हलणार नाही.