ऑक्टोबरच्या पानावरचा माणूस

लामर्ट स्टोटर आणि मी मेप्पल या डच गावाच्या जलमंडळात एकतीस वर्षं नोकरी करतो आहोत. मी कचेरीत, तो कालव्यांवर. पट्टीवरची पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि सायकलने पुढच्या पट्टीकडे जायचं, हे त्याचं काम. त्याच्या पिशवीत कॅमेरा असतो. पातळी लिहून झाली की समोर जो कोणी असेल त्याचा तो एक फोटो काढतो. कुत्र्याला कडेवर घेऊन पूल ओलांडणारी बाई, टाय खांद्यावर टाकून हेरिंग मासा खाणारा माणूस. चेहरा ओळखू येईल असा फोटो तो घेत नाही, नाव विचारत नाही. फोटोच्या मागे वार, तारीख, वेळ आणि त्या दिवशीची पातळी लिहितो.

"माणसांची कसली पातळी लिहितोस?" मी एकदा विचारलं होतं.

"पाण्याचीच लिहितो," तो म्हणाला. "माणसं मध्ये येतात."

गेल्या वर्षी आमच्या वस्तीच्या मंडळाने वाढदिवसांची दिनदर्शिका छापली. आमच्याकडे ती संडासाच्या दारामागे टांगतात, म्हणजे कुणाचा वाढदिवस विसरायला सबब उरत नाही. तीत वार नसतात, म्हणून एकदा लावली की वर्षानुवर्षं तिथेच राहते. मी मंडळाचा चिटणीस. बारा फोटो लामर्टकडून घेतले. ऑक्टोबरच्या पानावर जुन्या जलद्वारासमोरच्या बाकावर बसलेला एक पाठमोरा म्हातारा होता. तो कोण, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

चार ऑक्टोबरला आमच्याच वस्तीतल्या वानिंगेनबाई ते पान फाडून माझ्या दारात आल्या.

"हा बेरेंड आहे," त्या म्हणाल्या. बेरेंड म्हणजे त्यांचे यजमान. ते आदल्या वर्षी वसंतात वारले.

"पाठीवरून कसं ओळखलंत?"

"बेचाळीस वर्षं हीच पाठ पाहिली. आणि कोपरावरचं हे ठिगळ मीच लावलंय. तपकिरी दोरा संपला होता, म्हणून निळा." मग त्यांनी बाकावरच्या काळ्या फाइलवर बोट ठेवलं. "ही त्याची गाण्यांची फाइल. ती फक्त बुधवारी घराबाहेर पडायची, गायकवृंदाच्या सरावाला. दहा ते बारा. मग हा इथे काय करतोय?"

मी त्यांना लामर्टकडे घेऊन गेलो. त्याने कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्कीट दिलं आणि मूळ फोटो शोधून उलटा केला. बुधवार, दहा चाळीस.

"अजून आहेत?" बाईंनी विचारलं.

"त्या पट्टीकडे मी बुधवारीच जातो," लामर्ट म्हणाला.

"हे बघा, स्टोटर. त्याच्याबरोबर कोणी बाई असेल तर मला समजावून सांगत बसू नका. नुसतं दाखवा."

त्याने खण उघडला. दोन वर्षांतले सदतीस फोटो निघाले. त्याने ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि बाईंनी प्रत्येक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. छत्रीखाली बेरेंड, लोकरी टोपीत बेरेंड, नावेला वाट देण्यासाठी उघडलेल्या जलद्वारासमोर बेरेंड. शेजारी प्रत्येक वेळी ती फाइल. दुसरं माणूस एकाही फोटोत नव्हतं.

"वाट तर पाहत नव्हता कुणाची?"

"वाट पाहणारा मान वळवतो," लामर्ट म्हणाला. "यांनी एकदाही वळवलेली नाही."

बाईंनी तिथूनच गायकवृंदाच्या संचालकांना फोन लावला. संचालक काय सांगत होते ते आम्हालाही ऐकू येत होतं. साठीनंतर दर दोन वर्षांनी आवाजाची चाचणी होते. बेरेंड तीत नापास झाले आणि त्यांना वृंद सोडावा लागला. 'घरी मीच सांगेन,' असं त्यांनी सर्वांना बजावलं होतं.

बाईंनी फोन ठेवला. "मी दर बुधवारी विचारायचे, कसा झाला सराव. म्हणायचा, तिसऱ्या ओळीत अडलो."

लामर्टने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"अंत्यविधीला सगळे येऊन गायले. तीन गाणी. मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या रांगेत त्याची जागा रिकामी दिसतेय. सगळ्यांनी माना हलवल्या." मग त्या लामर्टकडे वळल्या. "आणि तुम्ही सदतीस वेळा पाहिलंत त्याला. एकदाही जाऊन शेजारी बसावंसं वाटलं नाही?"

"नाही."

"का हो?"

लामर्टने जरा विचार केला. "मी बसलो असतो, तर पुढच्या बुधवारी ते आले नसते."

"नसताच आला," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "दुसरा बाक शोधला असता मेल्याने."

चिटणीस म्हणून मला काही बोलणं भाग होतं. मी म्हटलं, ऑक्टोबरचं पान बदलून नवीन छापता येईल, घरोघरी मी स्वतः पोचवीन.

"गायकवृंदातल्या लोकांकडे आहे ही दिनदर्शिका?"

"जवळजवळ सगळ्यांकडे. दुसऱ्या रांगेतल्या तर प्रत्येकाने घेतली."

बाईंनी फाडलेलं पान नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि उठून कोट चढवला.

"मग राहू दे. बघू देत त्यांनाही त्याची पाठ," त्या म्हणाल्या. "मला फक्त याच्या जागी दुसरं पान द्या. माझ्याही घरी ऑक्टोबरात लोकांचे वाढदिवस असतात."