आप्पांचा म्हसोबा

आमच्या घरात चिंच कधी टिकली नाही. वर्षाची म्हणून बरणी भरावी आणि ऐन आमटीच्या वेळी हात घालावा तर आत नुसते चिंचोके. उंदीर नव्हे, मांजर नव्हे, हे माझ्या सासऱ्यांचं काम. आष्टीत आमचं सरकी-पेंडीचं दुकान. त्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पा चिंचेच्या पाण्यात लोखंड भिजत घालायचे. लोखंडही साधं नाही. अठ्ठेचाळीस सालच्या, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळच्या तोफगोळ्यांची रिकामी कवचं, काडतुसांच्या पेट्या, शिपायांच्या टोप्या. सगळं गाव त्यांना तोफआप्पा म्हणायचं आणि मला तोफआप्पाची सून. मी बी.एड. केलंय, हे आजवर कुणी विचारलं असेल तर शपथ.

कुणाच्या घरी शिपायाची टोपी कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलेली असायची, कुणाकडे काडतुसांच्या पेटीत वर्षाचं तिखट भरलेलं असायचं. आप्पा बदल्यात नवी बादली, नवा डबा देऊन ते घेऊन यायचे. बादली अर्थात माझ्या मोरीतली. नियम मात्र पक्का होता. दारू भरलेल्या मालाला हात लावायचा नाही, रिकामं असल्याची खात्री पोलिसांकडून झाल्याशिवाय घरात आणायचं नाही.

मग चिंचेतून काढ, तारेच्या ब्रशनं हलकेच घास, उन्हात वाळव, कोमट मेण चोळ. पावसाळा आला की पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागून म्हणायचे, "एकदाचा ऑइलपेंट मारून टाका ना आप्पा!" ते म्हणायचे, "गंजाशी भांडायचं न्हाई सूनबाई. त्याची समजूत काढायची." गंजाची समजूत काढणारा हा माणूस जिवंत माणसांवर मात्र सारखा डाफरत असायचा.

त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे गुडघ्याएवढं उंच, काळंभोर, रिकामं कवच. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी भक्तिभावानं त्याला हळदकुंकू लावायला गेले, तर केवढ्यानं ओरडले! "पाण्याचं बोट लावती का त्याला? देवाला चालतं, लोखंडाला न्हाई!" सणासुदीला मला रडू आलं. तेव्हापासून त्या कवचाला घरात कुणी शिवलेलं नाही.

एकदा आमच्या दुकानातल्या हमालाच्या नातवाचं जावळ होतं. त्यांच्या वस्तीवर बांधाला म्हसोबा होता, आपसूक जमिनीतून वर आलेला, नवसाला पावणारा. आम्ही लिंगायत, बोकडाच्या जेवणात आमचं गोडाचं ताट वेगळं. तरी आप्पांनी मला नेलंच. म्हसोबाच्या अंगावर शेंदराचा जाड थर. त्यातली एक खपली नेमकी त्या दिवशी गळून पडली होती. खाली तांब्याचा पट्टा चमकत होता. आप्पा वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. तेवढ्यात हमालाच्या जावयानं देवाच्या डोक्यावर फोडायला नारळ उचलला.

"थांब बे!" म्हणत सत्तरीचा माणूस धावला आणि त्यानं जावयाचा हात धरला. नारळ गडगडत माझ्या ताटात. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगात आलं. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"ह्या पट्ट्यावर रेघा हायेत," आप्पा पट्ट्याकडे बोट करत म्हणाले. "तोफेतून सुटल्याशिवाय अशा रेघा पडत न्हाईत. गोळा सुटला हाय, पण फुटला न्हाई. दिवा इझवा पयला!"

दिवा कोण विझवतो? शेत ज्याचं तो भगत पुढं आला. "आप्पा, आमच्या आज्यापासून ह्याच्यावर नारळ फोडतो आमी. कंदी काय झालं न्हाई. तुमालाच आज कावून दिसलं?" मागून कुणीतरी बोललं, "पेंडवाल्याला देव दुकानात मांडायचाय!" आणि सगळे हसले.

खरं सांगते, ते अगदीच खोटं नव्हतं. येताना गाडीत आप्पा मागं वळून बांधाकडेच बघत होते. मग म्हणाले, "सूनबाई, त्या तेला-शेंदरानं एक ठिपका गंज चढू दिला न्हाई बघ. जन्मभर मी अशा अखंड गोळ्यासाठी फिरलो. आन् आता मीच सांगायचं, की घेऊन जा, उडवून टाका." असं बोलताना त्यांचे डोळे भरले, आणि माझा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठं गेला.

पुढं मात्र रागाला तोटा पडला नाही. पोलीस चौकीत गेलो, तर समोरच्या हवालदारालाच त्या म्हसोबाच्या नवसानं मुलगा झालेला. "आप्पा, देवावर तक्रार कशी घ्यायची?" दुसऱ्या कचेरीत म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसरीकडे विचारलं, कुणाला इजा झालीय का? "झाल्यावर येऊ का?" आप्पा टेबलावर हात आपटून ओरडले. आमचे हे घरी माझ्यावरच चिडले, "तू कशाला त्यांच्या नादी लागतेस?" जशी काही मीच तोफ डागली होती!

शेवटी आप्पा छत्री घेऊन बांधाच्या अलीकडे, वाटेवरच जाऊन बसले. रोज. येईल त्याच्या हातातला नारळ काढून घ्यायचे, उदबत्ती मागून विझवायचे. कुणी शिव्या दिल्या, कुणी छत्री फेकली. डबा पोचवायला मी जायचे. "आप्पा, मरू द्या ना! ज्यांना जीव नको, त्यांच्यासाठी तुम्ही कशाला?" ते भाकरी मोडत म्हणाले, "जावळ काढलेलं ते लेकरू बघितलंस न्हाई का तू?"

बातमी कशीबशी वरपर्यंत गेली आणि बॉम्बशोधक पथक आलं. त्यातल्या माणसानं एकदा वाकून पाहिलं आणि सरळ वस्ती रिकामी करायला सांगितलं. हवालदाराचा चेहरा पांढराफटक. पथकानं देवाला अलगद उचलून लांब खदानीत नेलं. आवाज झाला तेव्हा आमच्या पायाखालची जमीन हलली. आता तरी कुणी आप्पांचे पाय धरील, निदान चहा विचारील, असं मला वाटत होतं. कसलं काय! भगत रिकाम्या ओट्याकडे बघत एवढंच म्हणाला, "आमचा देव नेला तुमी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पा छत्री उचलून चालू लागले. घरी येऊन जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आप्पा ते लाडकं कवच गोधडीत गुंडाळून टेंपोत ठेवत होते.

म्हसोबाच्या रिकाम्या ओट्यावर ते त्यांनी स्वतः उभं केलं. भगतानं शेंदूर कालवला. मला बोट लावू न देणारा हा माणूस भगताचे शेंदरानं बरबटलेले हात त्याच्यावर फिरताना बघत राहिला, मग तोंड फिरवून उभा राहिला.

"ह्यो फुटंल का?" भगतानं विचारलं.

"न्हाई. आत कायबी न्हाई त्याच्या."

"मग ह्याला देव कावून म्हणायचं?"

"म्हणून बघ बे!" आप्पा खेकसले. "लई वर्सं हात फिरवलाय मी त्याच्यावर. कोरडा ठेवू नका, रोज तेल घाला म्हंजे झालं."

आप्पांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्या हाताचा गुण आमच्यात कुणाला नाही. मी चिंच भिजवते, मेण चोळते, यांच्याशी भांडून यांनाही कामाला लावते, तरी शेडमधल्या टोप्यांना भोकं पडत चाललीत. रोज बघून नुसता जीव जळतो. धड राहिलंय ते एकच, बांधावरचं.

खंडेनवमीला मी तिथं जाते. हळदकुंकू लावते, कुणी ओरडत नाही. नारळ मात्र शेजारच्या दगडावर फोडते. या वर्षी भगत म्हणाला, "वैनी, डोक्यावरच फोडा की. ह्यो तर रिकामा हाय."

"असू दे रिकामा," मी म्हणाले. "त्याला लागंल."