सात टाक्यांची पट्टी

"मावशी, तुम्ही इथं बसा हं. डबे तेवढे सांभाळा. आम्ही आलोच."

मंत्रालयाच्या वरच्या कुठल्याशा मजल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर मला बसवून मॅडम असं म्हणाल्या. गोड बोलून. पाठीवर हात ठेवून. साहेबांच्या केबिनमध्ये पाचच माणसं सोडणार होते आणि नदीच्या कामासाठी नाशिकहून आम्ही आलो होतो सहा. एकानं बाहेर थांबायचं म्हटल्यावर कुणी कुणाला विचारलं नाही. पाचही जणांनी माझ्याकडं बघितलं. बस, एवढंच. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं, शिवीला उत्तर तरी देता येतं.

माझ्या मांडीवर सहा डबे. आणि माझ्या पट्ट्या आत गेल्या, मॅडमच्या काखेत.

जळणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. मी कशाला खोटं सांगू? नदीचं दुःख त्या घटकेला माझ्या मनात नव्हतंच. मॅडम आत आणि मी बाहेर, एवढंच होतं. तिच्या अंगावरची सुती साडी मीच दोन दिवसांपूर्वी खळ घालून इस्त्री केलेली. खांद्यावरची ती कडक घडी माझ्या हातची. माझी घडी साहेबापुढं खुर्चीत बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, कसल्या पट्ट्या? सांगते.

मी परटीण. नासर्डी नदीच्या काठी आमचे धुण्याचे दगड सासऱ्याच्या बापापासूनचे. वरच्या अंगाला कारखाने आले, तेव्हा आम्हाला काही वाईट वाटलं नव्हतं. तिथं अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांचे निळे डगले आमच्याकडंच यायचे की धुवायला. पण पाणी बिघडत गेलं. आधी साबण फेसायचा बंद झाला, मग हाताला खाज सुटायला लागली. एकदा एका घरची पांढरी शुभ्र चादर नदीतून गुलाबी होऊन निघाली. त्या घरच्या म्हातारीनं ती दारातच माझ्या अंगावर फेकली. रंगीत कपड्यात टाकलीस म्हणाली. मी म्हटलं, आजी, नदीचा रंग आहे हा. तर आळीतल्या बायका हसल्या. नदीला कधी रंग असतो का?

तेव्हाच मनाशी म्हटलं, दाखवते तुम्हाला.

जुन्या धोतराच्या वीतवीतभर पट्ट्या फाडल्या. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एक पट्टी पाण्यात धरायची, शंभरपर्यंत मोजायचं, बाहेर काढून वाळवायची. लिहिता तर येत नव्हतं. पण परटाला कपडा ओळखायला अक्षर लागत नाही. आम्ही प्रत्येक घरच्या कपड्याला कोपऱ्यात दोऱ्याची खूण घालतो. याचे दोन टाके, त्याची फुली. पन्नास घरांचं धुणं एका भट्टीत उकळलं तरी ज्याचा कपडा त्याच्याच घरी जातो. यात चूक झाली तर परीट कसला? तशीच मी पट्टीला वाराची खूण घातली. सोमवारी एक टाका, मंगळवारी दोन, असं करत रविवारी सात. सणाची सुट्टी असली तर टाक्यांच्या शेजारी एक गाठ.

वर्ष झालं आणि एका दुपारी सगळ्या पट्ट्या ओट्यावर पसरल्या. बघते तर काय, आडवारच्या, म्हणजे एरवीच्या कामाच्या दिवसांच्या पट्ट्या मळकट, पिवळट. लाल फक्त सात टाक्यांच्या. नाही तर गाठीच्या. म्हणजे सुट्टीच्या दिवशी सरकारी तपासणीवाले घरी पाय पसरून बसले की वरून कुणीतरी लाल पाणी सोडत होतं. मी एकटीच बसले होते तिथं. एवढी मोठी गोष्ट आणि ती फक्त मला ठाऊक.

मॅडम गंगापूर रोडच्या. त्यांचे कपडे माझ्याकडं असायचे. नदीसाठी त्यांनी चार माणसं जमवली होती, काठ झाडायचे, अर्ज करायचे. बाई मनापासून करायची, ते मी नाकारत नाही. म्हणूनच तर पट्ट्या घेऊन गेले तिच्याकडं. त्यांनी हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "मावशी, अहो हे सोनं आहे." मी टाक्यांचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, ते मी बघते, तुम्ही काळजी करू नका. झालं. पुढं दोन महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मुंबईला जाताना ट्रॅक्स गाडीत मी पहिल्यांदा ती फाईल बघितली. काळ्या कागदावर माझ्या पट्ट्या चिकटवलेल्या. फिक्यापासून गडदपर्यंत ओळीनं, साडीच्या दुकानात रंग दाखवतात तशा. रविवार कुठं, बुधवार कुठं, सगळी खिचडी. खाली इंग्रजीत काहीतरी. आमच्यात एक कॉलेजची मुलगी होती, तिला म्हटलं वाच गं. तिनं भाबडेपणानं वाचलं, "अभ्यास आणि निरीक्षण, आणि पुढं मॅडमचं नाव."

"आणि माझं?"

तिनं पानं उलटली. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे बघा ना. स्थानिक महिलांचे सहकार्य."

तेव्हापासून पोटात जो निखारा पडला तो बाकावर बसेपर्यंत विझला नव्हता. तिचं इंग्रजी, तिची ती पिशवी, शिपायानं तिला केलेला नमस्कार, सगळ्याचा हेवा वाटत होता. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं हो. माझं होतं ते मला हवं होतं.

केबिनचं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, फाईल छातीशी धरून, चेहरा घामेजलेला.

"मावशी, पटकन सांगा. ही लाल पट्टी कोणत्या दिवसाची? साहेब विचारतायत, पाणी रोज येतं की ठराविक दिवशी. दिवस कळला तर त्याच दिवशी माणूस पाठवतो म्हणाले."

बघा, साहेब शहाणा होता. बरोब्बर नस पकडली होती त्यानं.

मी म्हटलं, "कोपऱ्यात हाय ना सगळं."

"कुठं? हे दोरे? मला वाटलं शिवण उसवलीय."

रविवार. एवढा एक शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला.

"मला आत घ्या. मी वाचून दाखवते."

"अहो, पाचच जणांना परवानगी आहे."

दाराशी स्टुलावर शिपाई बसला होता. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, "ताईंना सोडतो की. तुमच्यातलं एक जण बाहेर बसा, पाचाचे पाच."

मॅडमनी दारातून आत बघितलं. आतल्या चौघांना ऐकू गेलं होतं. कुणी हललं नाही. निवृत्त इंजिनिअर होते आमच्यात एक, त्यांनी घड्याळात बघितलं. आणि मॅडम? 'मी थांबते मावशी, तुम्ही जा,' एवढं म्हणायचं होतं. मी त्याचीच वाट बघत होते. देवाशपथ सांगते, तेवढं एक वाक्य आलं असतं ना, तर मी बसल्या जागेवरून सगळं सांगून टाकलं असतं. आत जायची गरजही उरली नसती.

त्या म्हणाल्या, "हा मानपानाचा विषय नाही, मावशी. नदीचा आहे. तुम्हाला नदी नको आहे का?"

मला! रोज गुडघाभर पाण्यात उभी राहणारी मी!

"हवी. पण ज्याचा कपडा त्याच्या घरी जातो, मॅडम. हा तुमच्या घरी गेलाय."

त्या आत गेल्या. दार लागलं.

थोड्या वेळानं साहेब दुसऱ्या बैठकीला निघाले. पूर्ण माहिती घेऊन पुन्हा या, म्हणत माझ्या समोरून गेले. दोन हातांवरून. मी बोलू शकले असते. साहेब, रविवार, एवढंच. माझं तोंड उघडलं नाही. मॅडमपुढं गप्प राहिले तो माझा हट्ट होता आणि त्याची मला लाज नाही. साहेबापुढं गप्प राहिले ती भीती होती. हे दोन वेगळे आहेत, आणि ते वेगळे आहेत हे कळायला मला त्या बाकावर बसावं लागलं. भीतीची लाज अजून आहे.

परतीला कसाऱ्याचा घाट चढलो. मग मॅडमच म्हणाल्या, बाहेर बघत, "तुम्हाला हेवा वाटला, मावशी. दुसरं काही नाही."

"व्हय, वाटला," मी म्हटलं. "तुम्हाला माझा कधी वाटला का? लाल पाणी मी शोधलं, तेव्हा?"

त्यांनी खिडकीची काच लावून घेतली. पुढं इगतपुरी आली, घोटी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं न धुतलेलं गाठोडं घेऊन गेले. उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हटलं, तुमचे कपडे तुमच्या घरी, माझे मला द्या. त्या म्हणाल्या, पट्ट्या आता आमच्या नदीच्या मंडळाच्या झाल्यात. मी पायरीवरच बसले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा फाईल बाहेर आली. काळ्या कागदावरून एकेक पट्टी सुटी केली. काही फाटल्या. टाके मात्र शाबूत होते.

मग इस्त्रीचे कपडे बांधायच्या रद्दी पेपरावरून अक्षरं जुळवायला लागले. दीड वर्ष लागलं. पहिला अर्ज मी लिहिला तो असा वेडावाकडा, की टपालातल्या माणसानं विचारलं, हे कुणी लिहिलं? मी लिहिलं म्हटलं. त्यानंतर तीन वेळा मुंबईला जाऊन आले. आमच्या धुण्याच्या घाटावरच्या दोघी सोबत असतात. दोनदा भेट झालीच नाही. एकदा तिथल्या एका बाईसाहेबांनी चार पट्ट्या ठेवून घेतल्या, टाके मोजून. नदी सुधारली असं मी म्हणणार नाही. कालच्या रविवारीही पाणी लाल होतं.

मी अजून पट्टी धरते. नदीसाठी मोर्चा काढणारे, फोटो काढणारे अधूनमधून येतात, मावशी, आम्हाला द्या, आम्ही पोचवतो म्हणतात. मी चहा पाजते. पट्टी देत नाही. माझी पट्टी आत जाईल ती माझ्या हातात. पाच जण सोडणार असतील तर त्यातली पहिली मी. आणि दार लावलंच माझ्यावर, तर मी व्हरांड्यात उभी राहून वाचीन, आतल्यांच्या कानात शिरेल एवढ्या आवाजात. सोमवार, एक टाका, पिवळं. मंगळवार, दोन टाके, मळकट. आणि रविवारपाशी पोचेपर्यंत मला कुणी गप्प करायचं नाही.