मेंदूतल्या तारेची वाट बघताना

मंडळी, आज आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली सुनीता मोबाइल घेऊन आली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिच्या नवऱ्याचे हातपाय, वाचा सगळं बंद आहे. व्हिडिओत परदेशातला असाच एक माणूस होता. मेंदूत बसवलेल्या तारांमुळे त्याच्या मनातले शब्द पडद्यावर उमटत होते.

"काकी, तुम्ही वाचता ना हे सगळं? आपल्याकडे कधी येणार?"

"अजून प्रयोग चाललेत गं. तोवर गप्प बसणार का?"

कपाटातून अक्षरांचा जुना कागद काढला. आमचे हे जाण्याआधी असेच पडून होते. मी अक्षरं वाचायचे, हवं ते आलं की हे नजर वर करायचे. एका वाक्याला अर्धी दुपार जायची. तरी आम्ही भांडायचो! एकदा तासभर खपून यांनी काय सांगितलं, तर आमटीत मीठ कमी.

सुनीताकडे गेलो. "यांना काही कळत नाही हो काकी."

"हळू बोल. ऐकतायत."

मी त्यांना नजर वर करायची खूण सांगितली आणि अक्षरं वाचायला लागले. 'प'ला त्यांची नजर वर गेली. मग 'ख'ला.

"पंखा? बंद करू?"

पुन्हा वर.

सुनीता बटणाकडे धावली. "अहो, गारठत होतात? इतके दिवस?" आणि त्यांच्या पायांवर चादर घालता घालता रडायलाच लागली.

ते यंत्र लवकर येवो. आमच्या यांना मिळालं असतं तर दिवसभर माझ्या चुका काढल्या असत्या, आणि मी ऐकल्या असत्या.

तुमच्या ओळखीत असं कुणी अबोल पडून आहे का? त्यांना आज कुणी काही विचारलं?