कपॅसिटरचा वास

कॉम्प्युटरच्या पावर सप्लायमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बोटाच्या पेराएवढा डबा, गेला की बहुतेक वेळा वरून फुगतो, आणि मग तो कुणालाही सापडतो. पण काही लबाड असतात. वरून टकाटक, खालून पाझरलेले. त्या पाझराला कुजक्या मासळीचा वास येतो. पण माझ्यासारखं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात असेल तर या माहितीचा उपयोग शून्य. आमच्या ओट्यावर बोंबील, शेजारणीच्या ओट्यावर जवळा. त्यात माझ्या टेबलावरचा कपॅसिटर मी कुठे हुंगत बसू?

म्हणून मी आईला विचारायचे. आई सुकी मासळी विकते. मूठभर जवळा नाकाशी नेला की त्याला दव लागलं होतं का, हे ती सांगते. बाजारात इतक्या जणी बसतात, पण बायका तिच्याकडे येतात त्या यासाठीच. मी पावर सप्लाय उघडून तिच्यापुढे धरायचे. ती तोंड वाकडं करून म्हणायची, "ह्यात कुजलाय गो. उचल हितनं." मी कपॅसिटर काढून मीटर लावायचे. मीटरने आईला खोटं पाडलं असं एकदाही झालं नाही. माझ्या कामाचं मात्र तिला काडीचं कौतुक नव्हतं. "खोकी उघडून बसते," असं ती लोकांना सांगायची.

कोरोनात आम्हा दोघींचा वास गेला. माझा पंधरा दिवसांत परत आला. "माझा पन आला," आई म्हणाली.

पुढे एकदा शाळेतले सर त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले. फुगलेलं काही दिसत नव्हतं. मी सवयीने पावर सप्लाय आईपुढे धरला. "चांगला हाय. लाव," ती म्हणाली. मी लावला. फट्ट असा आवाज झाला आणि धूर निघाला. सर दोन पावलं मागे सरकले. "आधी नुसता बंद होता," ते म्हणाले.

मी आईवर भडकले. तोंडाला येईल ते बोलले. मग माझं लक्ष गेलं. घाण अख्ख्या आळीत पसरली होती, शेजारीण नाकाला पदर लावून बाहेर आली होती, आणि आई धुरापासून हातभर अंतरावर शांतपणे पेज पीत होती.

सरांना माझ्याकडचा दुसरा पावर सप्लाय बसवून दिला. ते गेल्यावर मी विचारलं, "आये, कधीपासून?"

"तवापासनं." वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "बाजारात समजलं तर माझ्याकडनं कोन घेल गो?"

पावसाआधी सुकी मासळी भरून ठेवायचे दिवस तोंडावर आले होते. आईने विकायला माल घेऊन ठेवला होता, सगळा अंदाजाने. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचं दुकान बंद ठेवलं आणि बाजारात तिच्या शेजारी जाऊन बसले.

नेहमीची एक बाई आली. आईने जवळा मुठीत घेतला, डोळे मिटून नाकाशी नेला, अगदी पूर्वीसारखा. मग मूठ माझ्यापुढे केली. "बघ, तू सांग." बाईला म्हणाली, "पोरीला शिकवते."

पहिला ढीग चांगला होता. दुसरा तिने सगळ्यात पुढे मांडला होता. त्याला आंबूस वास होता.

"हा नको, आये."

तिने लगेच तो अख्खा ढीग मागे ओढला आणि त्यावर गोणपाट टाकलं.

"लेकीला तुझंच नाक आलंय गो," बाई म्हणाली.

"माझ्यापरीस बरं हाय," आई म्हणाली.

आईने चारचौघांत माझं कौतुक करावं म्हणून मी लहानपणापासून जीव टाकत होते. ते असं मिळालं, आणि मला ते नको होतं. मी मान खाली घालून बाईचा जवळा कागदात बांधत राहिले.