पितळी कठडा

दादाला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा त्याचा उजवा डोळा गेलाच होता. डाव्याचंही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वर्षभर धरा. दादाने उमेदीची सगळी वर्षं नौदलात काढलेली. ज्या जहाजावर तो सर्वांत जास्त राहिला, त्याची हातभर लांबीची लाकडी प्रतिकृती त्याने करायला घेतली. नजर आहे तोवर ती पुरी झालेली पाहायची, एवढंच त्याचं म्हणणं. बाकी सगळं त्याने केलं. कठडे पितळी तारेचे, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. शिवाजी पेठेत माझा जन्म सोनारकामात गेला.

गळ्यातल्या साजाचे बारीक मणी झाळून जोडणाऱ्याला यात काय अवघड, असं मला वाटलं. खांब सुईएवढे आणि त्यांना दोन बारीक तारा. एक जोड झाळला की तापून शेजारचा सुटायचा. म्हणून शेजारच्या जोडावर ओला कापूस ठेवायचा आणि श्वास धरून फुंकणीने ज्योत वळवायची. त्यात माझे हात आता थरथरतात, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसाला तीन खांब झाले तरी खूप. दादा समोर खुर्ची ओढून बसायचा आणि रोज विचारायचा, किती राहिलं. मी चिडायचो. एवढी घाई असेल तर गोंदाने चिकटव, म्हणायचो.

दिवाळीनंतर त्याने विचारणं सोडलं. का सोडलं ते मला कळत होतं, पण मी मान वर केली नाही.

संक्रांत झाल्यावर कठडा बसवला. दादाला हाताला धरून आणावं लागलं. त्याने कठड्यावरून बोट फिरवलं, पुढून मागे, दुसऱ्या बाजूने परत पुढे. पुन्हा एकदा फिरवलं.

“शिडीची जागा कुठाय रं? दोन्हीकडनं बंद केलास की. माणसं उतरायची कुठनं?”

त्याने सुरुवातीला काढून दिलेला कागद मी शोधला. कठड्याची रेघ एका बाजूला मधेच तुटलेली होती. टोक उघडं दिसलं की सोनाराचा हात ते जोडतोच, तशी मी तार अखंड ओढली होती. आता कापायला गेलो तर सगळे जोड हलणार, आणि पुन्हा झाळायला माझे हात राहिले नाहीत. मला फार लाज वाटली. पण ती नुसती सवय नव्हती; नजरेमुळे तुझी रेघ सुटली असेल असं मी धरून चाललो, हे खरं मी त्याला सांगून टाकलं.

दादाने बोट कठड्यावरच ठेवलं.

“तवा दिसत हुतं की मला,” तो म्हणाला.