तात्यांना हवी होती शांत डिस्क

फोन आला तेव्हा मी तात्यांचीच नक्कल करत होतो. हिंजवडीतल्या एका मोठ्या सोसायटीचं संमेलन होतं, मंचावर टेबल, टेबलावर मी मुद्दाम दुकानातून नेलेला एक रिकामा सीपीयू. त्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, एक बोट वर करायचं आणि अगदी हळू म्हणायचं, "थांबा... ही काहीतरी म्हणते आहे." एवढ्यावर दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आलेली माणसं खुर्चीवरून घसरतात. खिशात फोन थरथरला. मी तो थरथरू दिला. किस्सा पुरा केला, टाळ्या घेतल्या, वाकून नमस्कार केला आणि खाली उतरून बघितलं तर तात्यांच्या बायकोचे, सुमनकाकूंचे, तीन फोन येऊन गेलेले. परत लावला तर काकू अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "तुमचं तात्या गेलं, विलासभाऊ. वाचायला बसलं व्हतं, तितंच..." माझ्या कपाळावर अजून मेकअपची पावडर होती.

तात्या म्हणजे भुकूमचे यशवंत सोनवणे. पौडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि संध्याकाळी लग्नं, वाढदिवस, संमेलनं, जिथं बोलावतील तिथं मी माइक धरतो. माणसं हसली की मला जेवल्यासारखं वाटतं. तात्या माझ्या बरोबर उलटे. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. समोर मुद्रितशोधक छापील कागद घेऊन बसायचा आणि तात्या त्याला मूळ मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे, स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हांसकट. आवाजात चढ नाही, उतार नाही. कुणाच्या खुनाचं वर्णन असो की पाककृती, तात्यांचा सूर एकच. "वाचणाऱ्यानं मधे यायचं नाही," असं ते म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. मधे न येता माणसानं जगायचं कसं?

निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच काम घरी सुरू केलं, ते प्रज्ञासाठी. प्रज्ञा ही त्यांच्या भावाची मुलगी, लहानपणापासून तात्या-काकूंकडेच वाढलेली. सातव्या वर्षी तापात तिची नजर गेली. आता ती पुण्यात वसतिगृहावर राहून वकिली शिकते. मराठीतली कायद्याची पुस्तकं कॉम्प्युटर वाचतो खरा, पण अशी वाचतो की आरोपी कोण आणि न्यायाधीश कोण ते कळत नाही. म्हणून तात्या वाचणार, रेकॉर्ड करणार आणि ती ऐकणार. घराच्या तिन्ही बाजूंना नव्या इमारतींची कामं चाललेली. दुपारी एक ते दोन मजूर जेवायला बसले की मशीनं थांबायची, आणि तेवढा एक तास तात्यांचा. मागच्या खोलीत खिडकीला गादी टेकवायची, पंखा बंद करायचा, काकूंनी भांडं वाजवायचं नाही. एवढं केल्यावर खोलीत एकच आवाज उरायचा, कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कची घरघर. मला ती ऐकूसुद्धा यायची नाही. पण प्रज्ञा सगळं दुप्पट वेगानं ऐकते, आणि वेग वाढवला की त्या घरघरीची किंकाळी होते. तासाभरानं तिचं डोकं दुखायला लागायचं.

मग सुरू झाला तात्यांचा शोध, ज्यावर मी पुढे इतक्या टाळ्या मिळवल्या. डिस्कच्या चार कोपऱ्यांना रबरी वायसर लावले. भागलं नाही. मग एके दिवशी गेलो तर सीपीयू उघडा, आणि आत हार्ड डिस्क पायजम्याच्या इलॅस्टिकवर पाळण्यासारखी टांगलेली. कंपन पत्र्यापर्यंत जाऊ नये म्हणून. काकू दारातून म्हणाल्या, "विलासभाऊ, कालपास्नं ह्यांचा पायजमा खाली उतरतुया, पन डिस्क झोपली म्हंतात." मी हसून हसून जमिनीवर बसलो. तात्याही हसले. त्यांचं हसणं म्हणजे ओठाची एक कड थोडी वर.

मी त्यांना सांगितलं, तात्या, सोपा उपाय आहे, एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाजच नाही. ते म्हणाले, "माहीत आहे मला. पण ती जाताना काही बोलत नाही, असंही वाचलंय. फिरणारी निदान आधी कुरकुरते. मला शांत हवी, मुकी नको." नंतर त्यांनी कुठून कुठून माहिती काढली, मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या मारणाऱ्या डिस्कपेक्षा पाच हजार चारशेवाली मंद पण शांत असते, कुठली सुरू होताना खरखरते, कुठली लिहिताना टकटकते. माझ्या दुकानात येऊन चार डिस्क चालू करून घेतल्या आणि एकेकीला कान लावून पाऊण तास बसले. गिऱ्हाइकं बघत उभी. शेवटी एकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही."

इथपर्यंतचा किस्सा सगळ्या पौड-भुकूमला ठाऊक आहे. पुढचा मी फक्त लांब, हिंजवडीत, नाव बदलून सांगत आलो. तो आज इथं लिहितोय, हसवण्यासाठी नाही.

ती डिस्क मी बसवलीच नाही. सीपीयू दुकानात आणला, जुन्या डिस्कवरची धूळ पुसली, तिला नवे रबर लावले, पंख्यात तेल सोडलं आणि होती तशी परत दिली. वर नव्या डिस्कचा रिकामा खोका ठेवला. मला फक्त बघायचं होतं, एवढा तिखट कानाचा माणूस काय म्हणतो. तात्यांनी कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हं. फरक आहे." मी ओठ चावून बाहेर आलो आणि भुकूमच्या चौकापर्यंत स्कूटरवर एकटाच हसत गेलो. आठवड्यानं खरं सांगायचं, नवी बसवून द्यायची आणि दोघांनी मिळून हसायचं, असं ठरवलं होतं. पण मधेच एका कार्यक्रमात तो किस्सा सांगितला आणि असा काही रंगला की काय सांगू... आणि किस्सा रंगला की तो संपवावासा वाटत नाही. खरं सांगितलं असतं तर तो संपला असता.

महिनाभरानं तात्यांचा फोन आला. "विलास, ती टकटकायला लागली आहे. थांबून थांबून." मी म्हटलं, नवी आहे तात्या, रुळायला वेळ लागतो. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन, "टकटक वाढली आहे." मी म्हटलं, "तुमचे कान वाढलेत." दुरुस्तीवाला आहे मी. थांबून थांबून टकटकणारी डिस्क म्हणजे काय, हे मला झोपेतही कळतं. पण त्या दिवशी गेलो असतो तर ती उघडावी लागली असती, आणि उघडली असती तर माझी लबाडी कळली असती. म्हणून गेलो नाही. येतो येतो म्हणत राहिलो.

ती गेली तेव्हा तात्या स्वतः सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षानं पौडला आले. पुराव्याच्या कायद्याचं अख्खं पुस्तक तिच्यात होतं, आठ महिन्यांच्या दुपारी. प्रज्ञाला अजून दिलेलं नव्हतं, कारण तीनदा तपासल्याशिवाय ते काही हातावेगळं करायचे नाहीत. पेन ड्राइव्हवर प्रती होत्या, पण नवी डिस्क आली म्हणून त्यांनी त्या पुसून पेन ड्राइव्ह पुढच्या पुस्तकासाठी मोकळा केला होता. मी डिस्क बाहेर काढली. तिच्या लेबलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, य. सो. ही जुनी विकत घेतली त्या दिवशी त्यांनीच लिहिलेलं, छापखान्यातली सवय. मी पुसलेल्या धुळीखालून ते स्वच्छ दिसत होतं. तात्यांनी वाकून वाचलं. माझ्याकडे बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि ते फक्त एवढंच म्हणाले, "नवी बसव." मी बसवली. त्यांनी कान लावला नाही.

जुनीतून काही निघतं का ते बघायला मी ती पुण्यात दोन ठिकाणी पाठवली. काही निघालं नाही. प्रज्ञाला त्यांनी सांगितलं, माझ्याच हातून सगळं पुसलं गेलं, म्हातारपण. ती त्यांच्यावर रागावली, आठ दिवस बोलली नाही, आणि मी तिथं बसून चहा पीत ते ऐकलं. नंतर त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. तोवर त्यांचा जुना दमा वाढला होता. एका वाक्यात दोनदा थांबावं लागे, मग ते वाक्य पुन्हा. परीक्षा आली तेव्हा निम्मं पुस्तकही झालं नव्हतं. तो एक पेपर प्रज्ञानं दिलाच नाही. तात्या तरीही वाचत राहिले. माझ्याशी वागणं तसंच, फक्त मला 'विलास' म्हणायचे ते 'विलासराव' म्हणायला लागले. मी कितीदा तोंड उघडलं... आणि काहीतरी विनोदी सांगून बंद केलं.

तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली, आणि काकूंनी मला पुढे केलं. "ते डिस्कचं सांगा की. ह्यांना लई आवडायचं तुमी सांगितल्यालं." मी सांगितलं. इलॅस्टिक सांगितलं, पायजमा सांगितला, कान लावून दाखवला. रडता रडता माणसं हसली. प्रज्ञा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसली, आणि मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं.

इथपर्यंत लिहून झालं आणि ते छापायला देण्याआधी मी भुकूमला गेलो. प्रज्ञा सुट्टीत घरी आली आहे. तिला म्हटलं, एक वाचून दाखवायचं आहे. ती मागच्या खोलीत नेऊन म्हणाली, "इथं बसा." तात्यांची खुर्ची. मी वाचलं. पेन्सिलीच्या अक्षरांपाशी अडखळलो, पण मी हा कागद संपवला. मग तिनं विचारलं, "टकटक होते म्हणून त्यांनी किती वेळा फोन केला होता?"

"दोनदा."

"दोनदाच, की अजून?"

"चारदा," मी म्हटलं. वर दोन लिहिले आहेत. खोडत नाही, तसेच राहू देत.

"मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी," ती म्हणाली. मी माफी मागायला लागलो तर तिनं हात वर केला. "ते नंतर बघू, काका. कदाचित बघणारही नाही. नवव्या प्रकरणापासून पुढचं राहिलंय आणि मला तो पेपर द्यायचा आहे." तिनं टेबलावर चाचपडून पुस्तक शोधलं, खुणेचा कागद होता तिथं उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

एक वाजून गेला होता, बाहेरची मशीनं थांबलेली. मी पहिली ओळ वाचली. "नाही," ती म्हणाली, "तुम्ही बोलून दाखवताय. वाचा." पुन्हा वाचली. "आता तुम्ही दुःखी होऊन दाखवताय." तिसऱ्या वेळी तिनं नुसतंच चुटकी वाजवून थांबवलं. चौथ्या वेळी मी मान खाली घालून फक्त पुढ्यातली अक्षरं म्हणत गेलो, एकामागून एक, आणि पान संपेपर्यंत तिनं मला थांबवलं नाही.